कमिशन बिलावर की वसुलीवर?
मोठ्या कंपन्यांचे पगार, फुगवलेले नफे आणि आपली उधारी

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक असते. बिल फाडले म्हणजे माल विकला गेला असे नाही. पैसा गल्ल्यात आला म्हणजे माल विकला गेला. मधले जे काही आहे ती नुसती उधारी, आणि उधारीला नफा म्हणणारा माणूस फार दिवस पेढीवर बसत नाही.

आमच्या पेढीवर वीस-बावीस वर्षांपूर्वी एक फिरता विक्रेता होता. माणूस हुशार, जिभेवर साखर. आम्ही त्याला महिन्याच्या पगाराशिवाय विक्रीवर दीड टक्का कमिशन ठरवून दिले. पहिल्या सहा महिन्यांत विक्री दीडपट झाली. आम्ही खूश झालो, घरी मिठाई नेली. ईदच्या आणि दिवाळीच्या तोंडावर तर त्याने असे ताके खपवले की गोदाम रिकामे झाले. पुढे मार्च महिना आला आणि माल परत येऊ लागला. चौकशी केली तेव्हा कळले की ज्यांची ऐपत नाही अशा दुकानदारांनाही त्याने माल टेकवला होता. “ठेवून घ्या, नाही खपला तर परत करा” असे सांगून त्याने बिले फाडली होती. त्याचे कमिशन मात्र आम्ही महिन्याच्या महिन्याला रोख चुकते केले होते.

त्याला आम्ही काढले नाही. दोष त्याचा होता तसा आमचाही होता. ज्या गोष्टीवर आम्ही पैसे देत होतो तीच गोष्ट त्याने वाढवली. पुढच्या वर्षापासून आम्ही नियम बदलला. कमिशन मिळेल, पण वसुली झाल्यावर. परत आलेल्या मालाचे कमिशन पुढच्या हिशेबातून वजा होईल. विक्री थोडी घटली, पण झोप चांगली लागू लागली.

ही घरची गोष्ट सांगण्याचे कारण असे की, मोठमोठ्या कंपन्यांत जे घोटाळे झाले त्यांचे मूळ बरेचसे याच दीड टक्क्यात आहे. तिथे विक्रेत्याच्या जागी मॅनेजिंग डायरेक्टर असतो, ताक्यांच्या जागी तिमाहीचा नफा असतो आणि मालकाच्या जागी लाखो भागधारक असतात. या भागधारकांना गोदामात जाऊन ताके मोजता येत नाहीत. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका यांसारख्या वाढत्या अर्थव्यवस्थांत हा रोग कसा पसरतो आणि त्याची झळ आपल्यासारख्या उधारीवर माल देणाऱ्यांना कशी लागते, हे समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

पगार नफ्याला बांधलेला

आपल्याकडे कंपनीच्या संचालकांना किती मोबदला द्यावा याला कायद्याची मर्यादा आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात ती होती आणि २०१३ च्या नव्या कायद्याच्या कलम १९७ मध्येही ती राहिली. पब्लिक लिमिटेड कंपनीने सर्व संचालकांना मिळून वर्षाच्या निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपेक्षा अधिक देऊ नये. एकच मॅनेजिंग डायरेक्टर असेल तर ५ टक्के, असे एकापेक्षा अधिक असतील तर सर्वांना मिळून १० टक्के. याहून जास्त द्यायचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. पूर्वी सरकारची परवानगीही लागत असे. २०१८ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली.

मर्यादा असणे चांगलेच. पण नीट पाहिले तर तिच्यात एक मेख आहे. पगार नफ्याच्या टक्क्यावर ठरला म्हणजे नफा जितका दिसेल तितका पगार. आणि नफा किती दिसावा हे ज्याच्या हातात असते, पगारही त्यालाच घ्यायचा असतो. मुनिमानेच वही लिहायची आणि वहीतल्या नफ्यावर मुनिमाचाच बोनस, असा हा प्रकार आहे. मुनीम इमानदार असेल तर काही बिघडत नाही. पण सारी व्यवस्था एका माणसाच्या इमानावर सोडणे याला व्यवस्था म्हणत नाहीत.

शिवाय आजकाल मोठ्या अधिकाऱ्यांच्या कमाईत पगाराचा वाटा लहान आणि शेअरचा वाटा मोठा असतो. ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क त्यांना दिला जातो. बाजारात भाव चढला की तो फरक त्यांच्या खिशात. भाव कशाने चढतो? दर तीन महिन्यांनी जाहीर होणाऱ्या नफ्याने. बाजाराला अमुक नफ्याची अपेक्षा असेल आणि तो चार आणे कमी आला तर भाव कोसळतो. मग त्या चार आण्यांसाठी पुढच्या तिमाहीतली बिले आधीच फाडण्याचा मोह होतो. एकदा उचल घेतली की पुढच्या तिमाहीत खड्डा पडतो, आणि तो भरायला आणखी मोठी उचल घ्यावी लागते. सावकाराच्या व्याजाचे चक्र ज्याने पाहिले आहे त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडच्या कंपन्यांत आणखी एक गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत कंपनी चालवणारा बहुधा पगारी नोकर असतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी संस्थापक कुटुंबच कंपनी चालवते. कागदावर त्यांचा पगार साधा असू शकतो. पण कुटुंबाचे शेअर, ते तारण ठेवून काढलेली कर्जे आणि नातेवाइकांच्या दुसऱ्या कंपन्यांशी होणारे व्यवहार, या तीन वाटांनी पैसा फिरतो. म्हणून केवळ पगाराचा आकडा पाहून “काय साधा माणूस आहे” असे म्हणणे भोळेपणाचे ठरते.

सत्यमचा धडा

याचे सर्वांत मोठे उदाहरण हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. त्या पत्रातले आकडे प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा आपल्या वहीशेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. म्हणजे पेटीत खरे होते फक्त ३२१ कोटी. त्या नसलेल्या पैशावरचे ३७६ कोटींचे येणे व्याज, तेही अर्थातच खोटे. देणे १,२३० कोटींनी कमी दाखवलेले, आणि येणे ४९० कोटींनी फुगवलेले. चारही मिळून सात हजार कोटींच्या वर जाते.

त्याच पत्रात एका तिमाहीचा हिशेब आहे. जाहीर केलेली विक्री २,७०० कोटी, खरी २,११२ कोटी. जाहीर केलेला कामकाजाचा नफा ६४९ कोटी, म्हणजे शेकडा २४. खरा ६१ कोटी, म्हणजे शेकडा ३. दोन्ही ठिकाणी फरक ५८८ कोटींचाच. म्हणजे खोटी विक्री पूर्णच्या पूर्ण नफ्यात उतरली, कारण खोट्या मालाला सूत लागत नाही, मजुरी लागत नाही, वीजही लागत नाही. पुढे तपासात सात हजारांहून अधिक बनावट बिले निघाली. मुदत ठेवींच्या पावत्याही बनावट होत्या.

राजू यांनी लिहिले की सुरुवातीला फरक लहान होता, पण कंपनी वाढत गेली तसा तो आवाक्याबाहेर गेला. वाघावर बसलेल्या माणसासारखी आपली गत झाली, उतरावे तर वाघ खाणार, असे त्यांनी स्वतःच म्हटले. त्या आधी १६ डिसेंबर २००८ रोजी कुटुंबाच्या दोन कंपन्या, मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा, सुमारे १.६ अब्ज डॉलरना सत्यमने विकत घ्याव्यात असा ठराव झाला होता. नसलेल्या रोकडीच्या जागी खरी मालमत्ता आणून भोक बुजवायचे, असा तो शेवटचा प्रयत्न होता. गुंतवणूकदारांनी ओरड केल्यावर तो काही तासांतच मागे घ्यावा लागला. गंमत म्हणजे सप्टेंबर २००८ मध्येच या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पुरस्कार मिळाला होता.

आपण वा व्यवस्थापकीय संचालकांनी कंपनीतून एक रुपयाही घेतला नाही असे त्या पत्रात म्हटले होते. पगाराच्या अर्थाने पाहिले तर अनेकांना ते पटले असते. परंतु शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने जुलै २०१४ च्या आदेशात वेगळेच मांडले. फुगवलेल्या भावात शेअर विकून आणि तारण ठेवून लाभ घेतला गेला असा तिचा निष्कर्ष होता. तिने राजू व इतरांना चौदा वर्षे बाजारातून बाहेर काढले आणि १,८४९ कोटी रुपये व्याजासह परत करण्यास सांगितले. पुढे अपिलांत ही रक्कम बदलत गेली, पण मुद्दा तोच राहतो की कमाईचा दरवाजा पगाराच्या रजिस्टरात नव्हता, शेअरच्या भावात होता. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवले आणि सात वर्षांची शिक्षा सुनावली. महिन्याभरात वरच्या न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला.

ज्या दिवशी पत्र बाहेर आले त्या एका दिवसात शेअरचा भाव सुमारे ७८ टक्के पडला. सरकारने जुने मंडळ बरखास्त करून नवे नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली, म्हणून नोकऱ्या बऱ्याच अंशी वाचल्या. पण ज्याने म्हातारपणासाठी म्हणून ते शेअर ठेवले होते त्याचे कोणी भरून दिले?

ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका

सत्यम ही संगणकाची कंपनी, आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर आता दुकानदारीचे उदाहरण घ्या. ब्राझीलमध्ये अमेरिकानास नावाची १९२९ साली सुरू झालेली दुकानांची प्रचंड साखळी आहे. ११ जानेवारी २०२३ रोजी, पदावर येऊन जेमतेम नऊ-दहा दिवस झालेल्या नव्या प्रमुखाने हिशेबात सुमारे २० अब्ज रेआलची तफावत असल्याचे जाहीर केले आणि राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी शेअरचा भाव तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. आठवड्याभरात सुमारे ४३ अब्ज रेआलच्या देण्यांसह कंपनी न्यायालयाच्या आश्रयाला गेली.

हे केले कसे? दोन युक्त्या होत्या, आणि दोन्ही आपल्या पेठेतल्या माणसाला चटकन समजतील. पहिली अशी. मोठ्या दुकानाला कारखानदार जाहिरातीपोटी किंवा जास्त खरेदीपोटी वटाव देतो. हा वटाव मिळाला की खरेदी स्वस्त पडते आणि नफा वाढतो. अमेरिकानासच्या जुन्या व्यवस्थापनाने असे वटाव कागदावरच निर्माण केले, असे कंपनीने जून २०२३ मध्ये जाहीर केले. न मिळालेल्या वटावांची रक्कम २१.७ अब्ज रेआल इतकी होती.

दुसरी युक्ती आपल्याकडच्या हुंडी वटवण्यासारखी. माल देणाऱ्याला बँक आधी पैसे देते आणि दुकान पुढे बँकेला चुकते करते. म्हणजे दुकानावर बँकेचे कर्ज झाले. पण ते कर्ज म्हणून न दाखवता हिशेबात लपवले गेले. वहीत देणे कमी दिसले की भांडवल देणाऱ्याला वाटते, पेढी धडधाकट आहे.

जून २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय पोलिसांनी छापे घातले. ठरवलेले लक्ष्य गाठल्याचे दाखवून मोठे बोनस मिळवायचे आणि चढ्या भावात शेअर विकायचे, यासाठी हा बनाव केला गेला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. आमच्या विक्रेत्याचे दीड टक्का कमिशन आठवा. आकड्यात शून्ये वाढली, स्वभाव तोच.

दक्षिण आफ्रिकेत स्टाइनहॉफ ही फर्निचर आणि घरसामानाची बलाढ्य कंपनी होती. तिचे प्रमुख मार्कुस योस्टे यांनी डिसेंबर २०१७ मध्ये एकाएकी राजीनामा दिला. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीच्या सारांशानुसार अनेक वर्षांत मिळून सुमारे ६.५ अब्ज युरोचे बनावट वा अनियमित व्यवहार झाले होते. या कंपनीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीचाही पैसा होता. म्हणजे शिक्षक, नर्स, शिपाई यांची आयुष्यभराची बचत. ज्यांनी कधी शेअर बाजाराचे तोंड पाहिले नाही त्यांनाही झळ लागते ती अशी.

बँकेच्या वहीतले बुडीत

बँकेचा नफा फुगवणे तर याहून सोपे. बँकेचा माल म्हणजे कर्ज. जे कर्ज बुडाले ते बुडाले म्हणून लिहिलेच नाही, की नफा आपोआप मोठा दिसतो. मुंबईच्या येस बँकेने २०१५-१६ या वर्षासाठी आपले थकीत कर्ज ७४९ कोटी असल्याचे सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ते सुमारे ४,९२६ कोटी निघाले. पुढच्या वर्षी बँकेचा आकडा २,०१८ कोटी, तपासणीचा ८,३७४ कोटी. बाजारात मात्र त्या काळात ही बँक झपाट्याने वाढणारी म्हणून नावाजली जात होती. संस्थापक प्रमुखांची मुदत वाढवण्यास रिझर्व्ह बँकेने नकार दिला आणि जानेवारी २०१९ मध्ये ते पायउतार झाले. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले. खात्यातून ५० हजारांपेक्षा अधिक काढता येईनात. १८ मार्चला निर्बंध उठले, पण ज्या व्यापाऱ्यांची चालू खाती तिथे होती त्यांना त्या तेरा दिवसांत मजुरी कशी भागवावी हा प्रश्न पडलाच.

यातून एक चांगली गोष्ट घडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खासगी व विदेशी बँकांच्या प्रमुखांच्या पगाराचे नवे नियम काढले, ते १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यांचा गाभा असा की, एकूण मोबदल्यातला किमान निम्मा भाग कामगिरीवर अवलंबून असावा, त्यातला मोठा हिस्सा लगेच न देता किमान तीन वर्षांत विभागून द्यावा, आणि पुढे गडबड निघाली तर न दिलेले रोखावे व दिलेले परत घ्यावे. थोडक्यात, कमिशन बिलावर नाही, वसुलीवर. परत आलेला माल वजा. आमच्या पेढीवर जे ठेच खाऊन शिकलो तेच रिझर्व्ह बँकेलाही ठेच लागल्यावरच लिहावे लागले, एवढे समाधान.

झळ आपल्याला कुठे लागते

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकान-साखळीला आम्ही शर्टिंगचा माल ९० दिवसांच्या मुदतीवर देत होतो. नाव घेत नाही. त्यांच्या ताळेबंदात नफा होता, मासिकांत फोटो होते, अध्यक्षांचा मोबदला त्याच वर्षी वाढला होता. ९० चे १२० दिवस झाले, मग १८०. दर वेळी नवा खरेदी अधिकारी यायचा आणि “पुढच्या तिमाहीत” म्हणायचा. एके दिवशी कळले की कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली.

तिथे गेल्यावर कायद्याचा खरा अर्थ समजला. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानुसार निर्णय घेणाऱ्या समितीत प्रामुख्याने बँका व कर्ज देणारे बसतात. माल देणारा हा “कार्यात्मक धनको” ठरतो. कंपनी मोडीत काढली असती तर त्याच्या वाट्याला जे आले असते निदान तितके त्याला द्यावे लागते, आणि बँकांचे तारण फिटल्यावर ते बहुतेक वेळा जवळजवळ शून्यच असते. आम्हाला रुपयामागे आणे मिळाले. त्या मालाचे जॉब वर्क ज्या माग-मालकांनी केले होते त्यांचे पैसे आम्ही दागिने ठेवून दिले, पण उशिराने दिले. त्यांतल्या एकाने तोवर बारापैकी आठ यंत्रमाग भंगारात विकले होते. आजही तो रस्त्यात भेटतो, सलाम करतो, कसलीही तक्रार करत नाही. आम्हाला मात्र त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

म्हणून म्हणतो, मोठ्यांचा ताळेबंद ही मोठ्यांची भानगड नव्हे. उधारीवर माल देतो तो बिनव्याजी, बिनतारणी कर्ज देत असतो. बँक कर्ज देताना दहा कागद मागते. आपण मात्र दुकानाची काच आणि एसी पाहून ट्रक भरतो.

ताळेबंद कसा वाचावा

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. इंग्रजी वार्षिक अहवाल हातात घेतला की सुरुवातीला घाम फुटायचा. पण दोनशे पाने वाचायची गरज नसते. चार-पाच ठिकाणी बोट ठेवले की पुरे. ज्यांच्या घरात कॉमर्स शिकलेला मुलगा वा मुलगी आहे त्यांनी त्यांच्याकडून हे काढून घ्यावे. नोंदणीकृत कंपन्यांचे अहवाल सर्वांना खुले असतात.

पहिले, नफा आणि रोकड शेजारी ठेवा. अहवालात रोख प्रवाहाचे एक पत्रक असते. त्यात धंद्यातून प्रत्यक्ष किती पैसा आला ते लिहिलेले असते. वर्षामागून वर्षे नफा मोठा आणि धंद्यातली रोकड लहान किंवा उणे असेल तर समजावे की बिले फाटत आहेत, पैसा येत नाही.

दुसरे, येणे आणि शिल्लक माल पाहा. विक्री शेकडा १० ने वाढली आणि येणे शेकडा ४० ने वाढले, तर माल टेकवला जात आहे.

तिसरे, मोबदला पाहा. नोंदणीकृत कंपनीला प्रत्येक संचालकाचा मोबदला आणि मधल्या कर्मचाऱ्याचा पगार यांचे प्रमाण जाहीर करावे लागते. संचालक मंडळाच्या अहवालाच्या जोडपत्रात ते सापडते. मोठा पगार म्हणजे लबाडी असे नव्हे. जो माणूस हजारो घरे चालवतो त्याने चांगले घेतले तर आमची हरकत नाही. पण कामगारांचे आणि माल देणाऱ्यांचे पैसे थकलेले असताना वरचा मोबदला चढत असेल, तर हात आखडता घ्यावा.

चौथे, घरच्या कंपन्यांशी व्यवहार आणि तारण ठेवलेले शेअर. सत्यम प्रकरणानंतर जानेवारी २००९ मध्ये सेबीने प्रवर्तकांचे तारण शेअर जाहीर करणे बंधनकारक केले. ज्याचे बहुतेक शेअर तारण आहेत त्याला भाव पडू देणे परवडत नाही. अशा माणसाच्या वहीकडे दोनदा पाहावे.

पाचवे, हिशेब तपासनीस. मुदत संपण्याआधीच ऑडिटर सोडून गेला असेल तर कारण शोधावे. मुनीम न सांगता नोकरी सोडतो तेव्हा शहाणा मालक आधी तिजोरी पाहतो.

आणि एक सामान्य ज्ञान. आपल्या धंद्यात लग्नसराईत तेजी, पावसाळ्यात मंदी, सुताचा भाव चढला की नफा उतरतो. जी कंपनी प्रत्येक तिमाहीला शिस्तीत थोडीथोडी वाढतच जाते, कधी ठेचकाळत नाही, तिच्याकडे कौतुकाने नव्हे, संशयाने पाहावे.

माग-मालक आणि कारागीर बंधूंनी आणखी एक करावे. उद्यम नोंदणी करून घ्यावी. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तरी ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर आहे. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकर कायद्यातही अशी तरतूद झाली की मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. हे संरक्षण माल तयार करणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे. आमच्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उधारीबाबत ते मिळत नाही. तेव्हा व्यापाऱ्याने आपली मुदत आणि आपली मर्यादा आपणच ठरवावी. कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडे, तो कितीही मोठा असो, इतके अडकू नये की तो बुडाला तर आपण बुडू.

आरसा आपल्याकडेही

लेख इथे संपवता आला असता. पण दुसऱ्याच्या वहीतल्या चुका दाखवून आपली वही मिटून ठेवणे बरे नव्हे. कॅश क्रेडिटची मर्यादा टिकावी म्हणून महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये गोदामातले ताके वाढवून लिहिणारे आपल्यात नाहीत का? जुनी न खपणारी डिझाइन खरेदीच्या भावाने शिल्लक दाखवणारे नाहीत का? बुडालेले येणे वर्षानुवर्षे “येईल” म्हणून ओढत नेणारे नाहीत का? आम्हीही एका वाईट वर्षात हे केले आहे, आणि पुढच्या वर्षी तो खड्डा भरताना रात्री जागवल्या आहेत. सत्यमची सुरुवातही राजू यांच्या म्हणण्यानुसार लहानशा फरकानेच झाली होती. फरक लहान असतो तोपर्यंत माणूस त्याला हिशेबाची तडजोड म्हणतो.

आपल्या बाजारात शब्दावर लाखोंचा माल जातो. दलाल फोनवर भाव ठरवतो, माल सुटतो, चिठ्ठी नंतर येते. हे चालते कारण समोरच्याची वही खरी आहे असे आपण धरून चालतो. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे असणे म्हणजे अमानत. ती पाच हजार कोटींची असो की पाच ताक्यांची.

येत्या महिन्यात एक काम करावे. आपल्याकडे जे कोणी कमिशनवर वा बोनसवर आहेत त्यांचा करार काढून पाहावा की आपण पैसे बिलावर देतो की वसुलीवर. आणि ज्या तीन गिऱ्हाइकांकडे आपली सर्वांत जास्त उधारी आहे त्यांचा रोख प्रवाह तपासावा. नोंदणीकृत कंपनी असेल तर अहवालातून, नसेल तर पेठेत चार ठिकाणी विचारून. आमच्या त्या माग-मालकाचे आठ माग आता परत येणार नाहीत. पण आणखी कोणाचे जाऊ नयेत म्हणून एवढे करणे आपल्या हातात आहे.